कलम ३२ आणि न्यायमूर्ती गॅस्टन: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

राज्यघटनेचं कलम ३२ कॅथलिकांना अधिकारपद नाकारत असताना एका कॅथलिक वकिलाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची जागा घ्यावी का, हा इथला प्रश्न. विल्यम गॅस्टनचा जन्म १७७८ सालचा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनारी भागातल्या न्यू बर्न गावचा. वडील डॉक्टर, अमेरिकन स्वातंत्र्याच्या बाजूचे. १७८१ मध्ये राजनिष्ठ टोळीने त्यांना गोळी घातली तेव्हा पोराला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. आई इंग्लंडहून आलेली आणि धर्माने पक्की कॅथलिक. तिने पोराला त्याच वळणावर वाढवलं. १७९१ मध्ये तेरा वर्षांचा गॅस्टन नव्यानेच निघालेल्या जॉर्जटाउन कॉलेजात दाखल झाला. तिथला पहिला विद्यार्थी म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. पुढे प्रिन्स्टनहून १७९६ मध्ये पदवी, मग न्यू बर्नमध्येच एका नामांकित वकिलाच्या हाताखाली उमेदवारी आणि १७९८ मध्ये सनद. मेहुणा जॉन लुई टेलर त्याच सुमारास न्यायाधीश झाला आणि त्याची चालती वकिली आयती गॅस्टनच्या पदरात पडली.

पुढची वाटचाल त्या काळच्या दक्षिणेतल्या हुशार वकिलाची असायची तशीच. १८०० मध्ये राज्याच्या सिनेटवर, नंतर खालच्या सभागृहात, १८०८ मध्ये तिथला सभापती, १८१३ ते १८१७ वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये. पक्ष फेडरलिस्ट, म्हणजे उतरणीला लागलेला. तिन्ही लग्नांतल्या बायका लवकर गेल्या. आणि शेतीवर राबायला गुलाम. मृत्यूच्या वेळी त्यांची संख्या शंभराच्या पुढे होती. हा आकडा वाचकाने हाताशी ठेवावा, कारण खाली त्याची वाक्यं येतील तेव्हा तो विसरायला होतो.

वकील म्हणून त्याची एक खासियत होती. कायदा बदलत नसेल तर तो कायद्याच्या शब्दांतच जागा शोधायचा. १८०८ मध्ये क्वेकर पंथाचे लोक त्याच्याकडे आले. त्यांना आपले गुलाम मोकळे करायचे होते, पण राज्याचा कायदा खाजगी मुक्तीला परवानगी देत नव्हता. गॅस्टनचा सल्ला असा: धार्मिक संस्थेला मालमत्ता धारण करता येते ना? मग गुलाम संस्थेच्या विश्वस्तांच्या नावे करा. कागदावर मालक संस्था, प्रत्यक्षात माणूस जवळजवळ मोकळा. जवळपास वीस वर्षं ही युक्ती चालली. १८२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली: ही आडवाटेने दिलेली मुक्तीच आहे, म्हणून बेकायदा. क्वेकरांचा वकील गॅस्टन होता आणि मुख्य न्यायाधीश होता त्याचाच मेहुणा टेलर. शब्दांत सापडलेली जागा दुसरं कुणी वाचायला बसलं की बुजू शकते, हे गॅस्टनला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल.

पेच

१८३३ च्या ऑगस्टमध्ये मुख्य न्यायाधीश लेनर्ड हेंडरसन वारला. सर्वोच्च न्यायालयात तीनच जागा, त्यातली एक रिकामी. हे न्यायालय १८१८ च्या कायद्याने उभं राहिलेलं, म्हणजे अजून पंधरा वर्षांचंही जुनं नव्हतं, आणि विधिमंडळात ते बंद करावं किंवा पगार कापावेत असे प्रस्ताव अधूनमधून येत. पगार वर्षाला २,५०० डॉलर, तो अनेकांच्या डोळ्यांत खुपायचा. न्यायालय टिकवायचं तर नाव असलेला माणूस हवा होता, आणि राज्यात गॅस्टनइतकं नाव दुसऱ्या वकिलाचं नव्हतं.

अडचण राज्यघटनेत होती. १७७६ च्या घटनेचं कलम ३२ सांगायचं की जो देवाचं अस्तित्व नाकारतो, प्रोटेस्टंट धर्माचं सत्य नाकारतो, बायबलातल्या जुन्या किंवा नव्या कराराचा दैवी अधिकार नाकारतो, त्याला राज्याच्या मुलकी खात्यात कुठलंही अधिकारपद मिळणार नाही. कॅथलिक माणूस न्यायाधीश होऊ शकतो का? सरळ वाचलं तर नाही.

मग आजवर तो विधिमंडळात कसा बसला? त्याचं उत्तर १८०९ च्या एका भांडणात आहे. कार्टरेट काउंटीतून (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) निवडून आलेल्या जेकब हेन्री या ज्यू सदस्याच्या जागेला कलम ३२ दाखवून हरकत घेतली गेली. हेन्रीने विवेकस्वातंत्र्यावर भाषण केलं, ते पुढे शाळेच्या वाचनमालांत गेलं, आणि जागा त्याच्याकडेच राहिली. पण राहिली ती या अर्थावर की विधिमंडळाची जागा म्हणजे ‘मुलकी खात्यातलं’ पद नव्हे. आमदारांसाठी वाट निघाली. न्यायाधीशासाठी मात्र हा अर्थ उपयोगाचा नव्हता, उलट घातक होता. न्यायाधीशाचं पद मुलकी खात्यात येत नाही असं म्हणायला कुणाचीच जीभ रेटली नसती.

समोरचे पर्याय

नकार देणं सगळ्यात सोपं होतं. वय पंचावन्न, वकिली जोरात, न्यायाधीशाच्या पगारापेक्षा कमाई जास्त. नकाराला कारण सांगायचीही गरज नव्हती. पण नकार दिला असता तर कलम ३२ चा सगळ्यात कडक अर्थ राज्यातल्या सगळ्यात मोठ्या कॅथलिकाने स्वतःहून मान्य केला, असं झालं असतं.

आधी घटनादुरुस्ती, मग पद, हा दुसरा मार्ग. तत्त्वाने स्वच्छ. पण घटना बदलायला परिषद बोलवावी लागे, आणि परिषदेच्या प्रश्नावर राज्य पूर्व-पश्चिम असं फाटलेलं होतं. प्रत्येक काउंटीला सारखेच प्रतिनिधी असल्याने छोट्या छोट्या पूर्वेकडच्या काउंट्यांचं राज्य चाले, आणि पूर्वेला ते सोडायचं नव्हतं. गॅस्टन स्वतः पूर्वेचा. परिषद कधी भरेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नव्हतं, आणि रिकामी जागा तोवर थांबणार नव्हती.

विधिमंडळाकडून आधीच खुलासा मागून घेणं हा मधला मार्ग. यात धोका असा की खुलासा मागितला की वाद पेटतो, आणि पेटलेल्या वादातून येणारं उत्तर पक्षाच्या सोयीचं असतं.

उरला चौथा: कलमाचा आपल्याला पटणारा अर्थ लावायचा, पद घ्यायचं, शपथ घ्यायची.

निर्णय आणि त्यामागचं वाचन

त्याने चौथा मार्ग धरला, पण उडी मारली नाही. कलमाचा कीस काढला. त्याचं म्हणणं साधारण असं. कलमात ‘प्रोटेस्टंट धर्म’ म्हणजे नेमकं काय ते कुठेच सांगितलेलं नाही. प्रोटेस्टंट पंथ अनेक, त्यांच्यात आपसात मतभेद. कुठल्या पंथाचं सत्य नाकारलं की माणूस बाद होतो हे ठरवणारा कुणी नाही. ‘नाकारणं’ ही उघड कृती आहे, मनातला विश्वास नव्हे. शिवाय त्याच घटनेच्या हक्कनाम्यात प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे देवाची उपासना करण्याचा जन्मजात हक्क दिलेला. माणसाचा हक्क काढून घेणारं कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ हक्काच्या बाजूने लावायचा. आणि वहिवाट? थॉमस बर्क हा कॅथलिक कुळातला माणूस १७८१ मध्ये, म्हणजे घटना लिहिल्याला पाच वर्षं होतात न होतात तोच, राज्याचा गव्हर्नर झाला होता.

युक्तिवाद वकिली आहे, पण लंगडा नाही. १८३३ च्या अखेरीस विधिमंडळाने त्याला निवडलं आणि तो न्यायासनावर बसला.

निवडीच्या दीड वर्ष आधी, जून १८३२ मध्ये, त्याने चॅपल हिलच्या विद्यापीठात भाषण केलं होतं. शेजारच्या व्हर्जिनियात नॅट टर्नरचा गुलामांचा उठाव होऊन दहा महिने झाले होते, दक्षिणेत गोरी घरं रात्री दारं लावून बसत होती. अशा वेळी त्याने पदवीधरांना सांगितलं की सत्य कितीही झाका, दोष कुणाच्याही माथी मारा, आपल्या राज्याला प्रगतीत मागे खेचणारी सगळ्यात मोठी गोष्ट गुलामगिरी आहे. भाषण छापलं गेलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं. तरीही विधिमंडळाने, ज्यात गुलामांचे मालक खच्चून भरले होते, त्याला निवडलं. १८३२ ची दक्षिण आणि १८५० ची दक्षिण एक नव्हेत, हे इथे दिसतं.

पहिली कसोटी: विलचा खटला, १८३४

पद घेतल्यावर वर्षभराच्या सुमारास त्याच्यासमोर तो खटला आला ज्यासाठी त्याचं नाव कायद्याच्या इतिहासात राहिलं. तपशील निकालपत्रातच नोंदलेले आहेत आणि ते सावकाश वाचण्यासारखे आहेत.

एजकोम्ब काउंटी, जानेवारी १८३४. जेम्स बॅटल नावाच्या मालकाचा गुलाम विल. भांडण कुदळीवरून. कुदळीला दांडा विलने स्वतः, आपल्या मोकळ्या वेळात बसवला होता, म्हणून ती आपण वापरायची असं त्याचं म्हणणं. गुलामांतलाच जो म्होरक्या होता त्याने ती दुसऱ्याला दिली. विलने दांडा मोडून टाकला आणि कापसाच्या गाठी दाबायच्या स्क्रूवर कामाला निघून गेला. म्होरक्याने मुकादम बॅक्स्टरला जाऊन सांगितलं. बॅक्स्टरने बंदूक घेतली, म्होरक्याला आसूड घेऊन मागून यायला सांगितलं आणि घोड्यावर निघाला. विलला खाली बोलावलं. विल टोपी काढून, नम्रपणे खाली आला. दोघांत काहीतरी बोलणं झालं, ते कुणाला ऐकू आलं नाही. विल पळाला. बॅक्स्टरने पाठीत छर्रे घातले, दहा-पंधरा पावलांवरून. जखम जिवावर बेतू शकली असती. विल तसाच धावत राहिला. बॅक्स्टरने इतर गुलामांना त्याच्या मागावर धाडलं आणि स्वतः पुढून जाऊन त्याला अडवलं. झटापटीत विलने चाकू चालवला. दंडावरच्या वाराने रक्त जाऊन बॅक्स्टर त्याच संध्याकाळी मेला. विल दुसऱ्या दिवशी मालकापुढे हजर झाला.

खालच्या न्यायालयाने खून ठरवून फाशी सुनावली. मालक बॅटलने अपील लढवलं. त्याने हे दयेपोटी केलं की हजारभर डॉलरची मालमत्ता फासावर जाऊ नये म्हणून, यावर मी पैज लावणार नाही. गुलामीच्या पद्धतीत दोन्ही हेतू एकाच कागदावर सही करू शकत. विलच्या बाजूने बार्थोलोम्यू मूर उभा राहिला.

मूरच्या वाटेत एक धोंडा होता: पाच वर्षांपूर्वीचा, १८२९ चा, ‘स्टेट विरुद्ध मॅन’. जॉन मॅनने भाड्याने घेतलेल्या लिडिया नावाच्या गुलाम बाईला, ती मार चुकवून पळाली म्हणून, गोळी घातली. स्थानिक ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं होतं. थॉमस रफिनने निकाल फिरवला. गुलामाची शरणागती पूर्ण हवी तर मालकाची सत्ता निरंकुश हवी, असं त्याने लिहिलं. त्याच निकालपत्रात तो हेही लिहितो की न्यायाधीशाच्या छातीत माणसाच्या भावना आणि पदाचं कर्तव्य यांची झुंज चालते आणि ती कठीण असते. झुंज झाली, माणूस हरला, आणि रफिनने ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं. हाच रफिन १८३४ मध्ये मुख्य न्यायाधीश होता आणि गॅस्टनच्या शेजारी बसत होता.

गॅस्टनपुढे निर्णयाचे दोन टप्पे होते. विलला वाचवायचं की नाही, हा पहिला. त्यात तो फारसा अडखळलेला दिसत नाही. खून म्हणायला द्वेषबुद्धी लागते. पाठीत गोळी बसलेल्या, पुन्हा घेरलेल्या माणसाच्या हातून जिवाच्या भीतीने आणि संतापाने वार झाला तर ती द्वेषबुद्धी नव्हे; गोऱ्या माणसाच्या बाबतीत हे कुणीही मान्य केलं असतं. कैदी गुलामीने खाली दाबला गेला असला तरी माणूस आहे, आपल्यासारखीच इंद्रियं, आपल्यासारखेच विकार असलेला, असं निकालपत्र सांगतं. शब्द शेक्सपिअरच्या शायलॉकच्या तोंडचे आहेत. ज्यूला अधिकारपद नाकारणाऱ्या राज्याचा कॅथलिक न्यायाधीश ते गुलामासाठी वापरत होता. आणि शेवटी येतं ते वाक्य ज्याचा आशय असा: वस्तुस्थिती पाहता माणूस म्हणून माझी खात्री आहे की द्वेषबुद्धी नव्हती, आणि सत्याविरुद्ध ती होती असं न्यायाधीश म्हणून मानायला मला भाग पाडणारा कायदा मला दिसत नाही.

रफिनने माणूस आणि न्यायाधीश वेगळे केले होते. गॅस्टनने दोघांना एका वाक्यात, एका बाजूला बसवलं. गुन्हा खून नाही. आपल्याकडच्या सदोष मनुष्यवधाच्या जवळचा. फाशी टळली.

दुसरा टप्पा अवघड: मॅनच्या निकालाचं काय करायचं? मूरने त्यावर थेट हल्ला चढवला होता. गॅस्टनने तो निकाल रद्द केला नाही. मालकाला गुलामाचा जीव घेण्याचा हक्क नाही आणि तसा बेकायदा हल्ला झाला तर स्वतःला वाचवायचा हक्क गुलामाला आहे, एवढं म्हणून तो थांबला. तिघांचं खंडपीठ, त्यातला प्रमुख स्वतः मॅनचा लेखक. रद्द करायला गेला असता तर एकमत फुटलं असतं आणि विलचं डोकं पणाला लागलं असतं. मला वाटतं त्याने हिशेब करूनच कमी लिहिलं. विल वाचला. लिडियासारख्यांसाठी, ज्यांना मालक मारत होता पण मारून टाकत नव्हता, कायदा तसाच राहिला.

१८३५ ची परिषद

ज्या परिषदेची वाट पाहण्यात अर्थ नाही असं १८३३ मध्ये वाटत होतं ती दीड वर्षात भरली. जून १८३५, राजधानी रॅली. विधानभवन १८३१ मध्ये जळालेलं, त्यामुळे प्रतिनिधी प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बसले. गॅस्टन न्यायाधीश असतानाच क्रेव्हन काउंटीचा प्रतिनिधी म्हणून आला. म्हणजे कॅथलिकांना अधिकारपद द्यावं का याची चर्चा एका प्रोटेस्टंट प्रार्थनाघरात, आणि चर्चेचा विषय तिथेच बाकावर बसलेला.

तो लांबलचक बोलला. आधी स्वतःची सफाई दिली: आपण शपथ का घेऊ शकलो, कलमाचा अर्थ काय लावला. मग मूळ मुद्दा: कुठल्याच धर्माची अट नको, सरकारचा संबंध कृतीशी, श्रद्धेशी नाही. पण मतं तेवढी नव्हती. तडजोड पुढे आली ती ‘प्रोटेस्टंट’ काढून ‘ख्रिस्ती’ घालण्याची. गॅस्टनने ती स्वीकारली. एका शब्दाने तो स्वतः, आणि राज्यातले मूठभर कॅथलिक, आत आले. ज्यू बाहेर राहिले, आणि आता संदिग्धतेचा आडोसाही गेला: जुन्या कलमात ‘प्रोटेस्टंट’ चा अर्थ ताणता येत होता, नव्यात ‘ख्रिस्ती’ ताणून जेकब हेन्रीपर्यंत नेता येत नव्हता. ती अट जायला १८६८ ची घटना यावी लागली.

त्याच परिषदेत दुसरा प्रश्न होता, मुक्त कृष्णवर्णीयांच्या मताचा. हे वाचून अनेकांना नवल वाटेल, पण नॉर्थ कॅरोलायनात १७७६ पासून मुक्त काळ्या पुरुषाला, मालमत्तेची वा कराची अट पुरी केली तर, मत होतं आणि ते देत होते. १८३५ मध्ये ते काढून घ्यायचा प्रस्ताव आला. गॅस्टनने विरोध केला: जमीनजुमला असलेला प्रामाणिक माणूस केवळ रंगामुळे राजकारणातून बहिष्कृत का करायचा? त्यांना आपण या समाजाचा भाग आहोत असं वाटू द्या, मग ते राज्याशी निष्ठेने राहतील. त्याचा आग्रह मर्यादित होता, मालमत्ता असलेल्यांपुरता. तेवढाही टिकला नाही. ६६ विरुद्ध ६१ मतांनी मताधिकार गेला. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर गेला नसता.

नोव्हेंबरमध्ये लोकांनी दुरुस्त्या २६,७७१ विरुद्ध २१,६०६ मतांनी मंजूर केल्या. सगळा गठ्ठा एकदमच: पश्चिमेला वाढीव प्रतिनिधी, कॅथलिकांना पद, काळ्यांचं मत रद्द. गॅस्टनच्या न्यू बर्नला गाव म्हणून असलेला स्वतंत्र प्रतिनिधीही त्यातच गेला.

मॅन्युएल, १८३८

मत गेलं, पण नागरिकत्व? हा प्रश्न तीन वर्षांनी एका साध्या मारहाणीच्या प्रकरणातून आला. विल्यम मॅन्युएल, सॅम्पसन काउंटीतला मुक्त कृष्णवर्णीय. मारहाणीबद्दल दंड झाला, भरायला पैसे नाहीत. अशा मुक्त काळ्या माणसाला दंड फिटेपर्यंत कामाला भाड्याने द्यावं असा १८३१ चा कायदा. गोऱ्यांना तो लागू नाही. घटनेने कर्जदाराला दिलेलं संरक्षण मॅन्युएलला मिळतं का, हा वाद.

सरकारपक्षाचं म्हणणं, तो नागरिकच नाही. गॅस्टनने ते मोडून काढलं. क्रांतीआधी इथे जन्मलेला मुक्त माणूस, गोरा असो वा काळा, इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन होता. क्रांतीने प्रजाजनांचे नागरिक झाले. गुलामीतून सुटलेला माणूस राज्यात जन्मला असेल तर सुटताच तोही नागरिक होतो. मताधिकार असणं-नसणं ही नागरिकत्वाची कसोटी नव्हे. १८३५ ला मत हिरावून घेणाऱ्यांनी जे दार लावलं त्याला त्याने इथे फट ठेवली.

आणि तरी मॅन्युएल हरला. दंड म्हणजे कर्ज नव्हे, वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या शिक्षा ठरवायचा अधिकार विधिमंडळाला आहे, असं म्हणून गॅस्टनने कायदा वैध ठरवला. तू नागरिक आहेस, आणि तुला भाड्याने द्यायला हरकत नाही. निकालाचे हे दोन भाग मी अनेकदा एकत्र ठेवून पाहिले. ते एकमेकांत बसत नाहीत.

निष्पत्ती

गॅस्टन अखेरपर्यंत न्यायासनावर राहिला. १८४० मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटची जागा नाकारली, राष्ट्राध्यक्ष हॅरिसनच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरलचं पद चालून आलं तेही नाकारलं. २३ जानेवारी १८४४ ला रॅलीत वारला. दोन वर्षांनी काढलेल्या नव्या काउंटीला त्याचं नाव दिलं गेलं. आजचं गॅस्टोनिया शहर त्याच काउंटीत.

विलच्या निकालाचा परिणाम रफिनवरही झालेला दिसतो. १८३९ मध्ये आपल्या गुलाम बाईला हाल करून मारणाऱ्या जॉन हूव्हरची फाशी त्यानेच कायम केली. मालकाची सत्ता जीव घेण्यापर्यंत जात नाही असं लिहून. मॅन मात्र रद्द झाला नाही.

मॅन्युएलचा निकाल फार लांब गेला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही म्हटलं, तेव्हा न्यायमूर्ती कर्टिसने विरोधी मत लिहिताना गॅस्टनचाच आधार घेतला: बघा, दक्षिणेतल्याच एका राज्याच्या न्यायालयाने उलट सांगितलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं त्यांच्यात गॅस्टन धरता येणार नाही. पण त्यांच्या हाती आलेल्या हत्यारांतलं एक त्याने घडवलेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

१८३३ चा निर्णय मला बरोबर वाटतो. तो नाकारता तर त्याच्या जागी बसणारा माणूस विलच्या खटल्यात काय लिहिता, याचा अंदाज मॅनवरून बांधता येतो. १८३४ मध्ये कमी लिहिणंही समजण्यासारखं. समोर एक जीव टांगलेला होता.

१८३५ मात्र खटकतं. न्यायालयात न्यायाधीशाला समोर आलेल्या प्रकरणापुरतंच बोलावं लागतं. परिषदेत तसं बंधन नव्हतं; तिथे मजकूरच नव्याने लिहायचा होता, आणि शब्दांत जागा शोधणारा हा माणूस तिथेही जागाच शोधत राहिला. ‘ख्रिस्ती’ ही तडजोड मताला येण्याआधी ज्यू आणि कॅथलिक यांचा प्रश्न एकत्र बांधून ठेवता आला असता. उलट बाजूने एवढं म्हणावं लागेल की बांधून ठेवला असता तर कदाचित दोघंही बाहेर राहिले असते. काळ्यांच्या मताच्या बाबतीत तीनच मतं फिरवायची होती आणि गॅस्टनचं वजन परिषदेत कुणाहूनही कमी नव्हतं. ते वजन त्याने सगळ्यात जास्त खर्च केलं कलम ३२ वर, म्हणजे जिथे त्याचा स्वतःचा प्रश्न होता तिथे. याला मी ढोंग म्हणणार नाही. माणूस आपल्या जखमेबद्दल जास्त बोलतो.

आणि त्याचे स्वतःचे गुलाम. १८३० च्या कायद्याने मुक्ती द्यायची तर न्यायालयात अर्ज, आधी जाहीर सूचना, दर गुलामामागे १,००० डॉलरचा जामीन, आणि सुटलेल्याने ९० दिवसांत राज्य सोडायचं. शंभर माणसांसाठी एक लाखाचा जामीन, २,५०० च्या पगारावर. जामीन म्हणजे रोख भरणा नव्हे हे धरूनही आकडा मोठाच. सगळे एकदम सोडणं त्याला झेपलं नसतं, हे मान्य. पण दरवर्षी दोन-चार? घरात राबणारे तरी? क्वेकरांना १८०८ मध्ये जी वाट त्याने दाखवली, ती वीस वर्षं उघडी होती, आणि तिच्यावरून चालायला तेव्हा त्याला कुणी अडवलेलं नव्हतं. चॅपल हिलच्या भाषणात गुलामगिरी राज्याला मागे खेचते एवढं तो म्हणाला. नुकसान मोजलं ते राज्याचं. विलच्या निकालपत्रात त्याने पहिल्यांदा ते गुलामाच्या बाजूने मोजलं, आणि तो गुलाम दुसऱ्याचा होता.